मदत हवी आहे : बारा लाखांच्या आत उत्पन्न असूनही आईला कर कसा काय?

मंडळी, आईचं २०२५-२६ चं रिटर्न भरतोय आणि शेवटच्या पानावर अडकलोय.

आई ६६ वर्षांची, मुक्काम मिरज. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, त्यांच्यामागे तिला फॅमिली पेन्शन मिळते, वर्षाला ३,८४,०००. एफडी आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज मिळून ४,२५,०००. बाबांचे जुने शेअर यंदा विकले, त्यात १,६०,००० दीर्घ मुदतीचा नफा. एका इक्विटी फंडातून वर्षाच्या आत पैसे काढले, तिथे ४०,००० अल्प मुदतीचा. सगळं धरूनही साधारण दहा लाख, म्हणजे बारा लाखांच्या आतच. तरी नव्या करप्रणालीत पोर्टल १२,८७० रुपये भरा म्हणतंय. काका म्हणतात, "पेन्शनरला पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य, तुझंच काहीतरी चुकतंय."

जाता जाता अजून एक. धाकटा भाऊ मस्कतला आहे, एनआरआय. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि इथल्या ठेवींचं व्याज, वजावटी जाऊन ६,२०,०००. त्याला तरी रिबेट (करात मिळणारी सवलत) बसेल ना?

प्रतिसाद, आकडेमोड :
काकांचा पावणेतेराचा हिशोब स्वतःच्या नोकरीच्या पेन्शनला लागू. ती पगारात मोडते, म्हणून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. फॅमिली पेन्शन 'इतर उत्पन्नात' जाते. तिथे नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा २५,०००, यातली कमी ती वजावट. म्हणजे आईंचे ३,५९,००० धरा.

त्यात व्याज मिळवलं की ७,८४,०००. चार लाखांपर्यंत काही नाही, वरच्या ३,८४,००० वर ५ टक्के म्हणजे १९,२००. कलम ८७ए ची सवलत, म्हणजेच रिबेट, बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ६०,००० पर्यंत असल्याने हे १९,२०० पूर्ण माफ. सवलत त्यांना मिळालेलीच आहे, त्या पानावर नीट बघा.

उरला तो शेअर-फंडाचा कर. दीर्घ मुदतीत १,२५,००० सोडून ३५,००० वर साडेबारा टक्के, ४,३७५. अल्प मुदतीत ४०,००० वर २० टक्के, ८,०००. या करावर ४ टक्के सेस (उपकर). झाले १२,८७०. पोर्टल बरोबर आहे.

प्रतिसाद, कृष्णाकाठ :
असं कसं? आमच्या साडूंना शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्यावरही रिबेट मिळाली होती की. ते सोडू नका, भांडा.

प्रतिसाद, आकडेमोड :
जुन्या वर्षांचं असेल ते. जुलै २०२४ मध्ये पोर्टलने ती सवलत देणं बंद केलं, त्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. पण २०२५ च्या वित्त कायद्याने २०२५-२६ पासून स्पष्टच केलं : नव्या प्रणालीत रिबेट फक्त स्लॅबच्या (उत्पन्नाच्या टप्प्यांच्या) दराने येणाऱ्या करावर, विशेष दराच्या उत्पन्नावर, म्हणजे अशा शेअर-फंडाच्या नफ्यावर, नाही. आता भांडून उपयोग नाही. जुनी प्रणाली घ्यावी तर तिथे पाच लाखांची मर्यादा, आई त्यात बसतच नाहीत.

भावाचं उत्तर : नाही. ८७ए फक्त भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला. एनआरआयला नाही, हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही, फर्मलाही नाही. पासपोर्ट भारतीय असून चालत नाही, त्या वर्षीचा निवास बघतात. ६,२०,००० वर ११,००० आणि सेस, ११,४४० होतील. बँकेने आणि भाडेकरूने कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या विवरणात, तपासा, बहुतेक परतावाच निघेल.

धागाकर्ता :
डोक्यात प्रकाश पडला, आभार! बातम्यांत 'बारा लाख करमुक्त' एवढंच मोठ्या अक्षरात असतं. एक शंका : आईने एप्रिलमध्ये बँकेत १५एच (टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) दिला होता, त्यामुळे टीडीएस कापलाच नाही. आता दंड-व्याज वगैरे?

प्रतिसाद, निवृत्त लेखापाल :
घाबरू नका. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही. मुदतीच्या आत स्वयंनिर्धारण कर (रिटर्नआधी स्वतः हिशोब करून भरायचा उरलेला कर) भरा, चलनाचे तपशील रिटर्नमध्ये येतात का पाहा आणि मग दाखल करा. अल्प मुदतीचा नफा आहे, तेव्हा फॉर्म आयटीआर-२.

मात्र १५एच म्हणजे 'या वर्षी माझा कर शून्य होणार' असं लिहून देणं. एप्रिलमध्ये विक्री ठरलेली नसेल तर ठीक. पुढच्या वर्षी शेअर विकायचे असतील तर देऊ नका. आणि साठीच्या आतल्या कुणी हे वाचून टीडीएस न कापण्याचा तसाच फॉर्म भरायला धावू नये : तिथे व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत लागतं, रिबेटचा आधार चालत नाही.

प्रतिसाद, कृष्णाकाठ :
मग उत्पन्न १२,१०,००० झालं तर एकदम साठ हजारांचा फटका?

प्रतिसाद, आकडेमोड :
नाही. स्लॅबने ६१,५०० येतात, पण निवासी व्यक्तीला सीमांत सवलत आहे, बारा लाखांवरच्या रकमेहून जास्त कर नाही. १०,००० आणि सेस, १०,४००. साधारण १२,७०,५८८ पर्यंत हा आधार, पुढे पूर्ण कर. साडूंनाही सांगा.