मदत हवी आहे: दत्तक घेतलेला कारवानी कुत्रा आणि काठी टेकत चालणाऱ्या सासूबाई

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट सल्ला देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. घरात मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी घेऊन चालतात.

२३ दिवसांपूर्वी आम्ही एक कुत्रा दत्तक घेतला. डॉक्टरांनी दात बघून वय दीड वर्षाच्या आसपास सांगितलं. बराचसा कारवानी, थोडा गावठी. तासगाव रस्त्याला एका ढाब्यामागे सापडला, तेव्हा गळ्यात तार रुतून जखम झाली होती. एका प्राणीमित्र ताईंनी दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून त्याला बरा केला, लसी दिल्या, मग आमच्याकडे आला. जखमेच्या जागी अजून केस आलेले नाहीत. पट्टा घालताना बोट फिरलं की ती कडा हाताला लागते. मुलाने नाव ठेवलंय शेवग्या, कारण लांब, बारीक आणि पाठीला शेंगेसारखी कमान.

कारवानी म्हणजेच कर्नाटकातला मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली होती, त्यात हा होता. नजरेने सावज हेरायचं आणि पळून गाठायचं, हेच याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. हे सगळं मी त्याला घरी आणल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

आमचा दिवस साडेचारला सुरू होतो. तो पलंगाशी येऊन उभा राहतो, नाक हाताला लावतो, नाही उठलं तर पांघरूण ओढतो. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास फिरवतो. मुलगा गच्चीवर चेंडू टाकतो, तो वेगळा. तरी संध्याकाळी सात ते नऊ घरात वादळ असतं. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून सोफ्यावर, सोफ्यावरून परत. फरशीवर नखं घासल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, त्यांनी दोनदा सांगितलं. पायपुसणी दोन संपली, मुलाच्या बुटाची टाच गेली, सासूबाईंच्या जपमाळेची पिशवी फाडली (माळ वाचली). या सगळ्याचं मला काही नाही. वस्तू परत आणता येतात.

काळजी काठीची आहे.

सासूबाई उठल्या आणि काठी फरशीला टेकली की तो आधी जमिनीला चिकटतो. पोट खाली, कान मागे, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागतं. त्या तीनचार पावलं चालल्या की एकदम उठतो, भुंकत काठीच्या टोकावर झेपावतो. नवव्या दिवशी त्याने काठीचं रबर तोंडात धरून ओढलं. सासूबाईंचा हात फ्रिजला लागला म्हणून त्या पडल्या नाहीत. मी कणीक मळत होते, हात तसेच भरलेले, धावले. तेव्हापासून त्या दार लावून खोलीत बसतात. बाहेर यायचं असलं की आतून विचारतात, "बांधलास का गं त्याला?" स्वतःच्या घरात त्यांना असं विचारावं लागतं, हे माझ्या जिवाला लागतं.

आणि कुत्रा आणा म्हणणाऱ्या त्याच होत्या. त्यांचं माहेर जतकडचं. त्यांच्या वडिलांकडे शेतावर कारवानी होता, त्याच्या गोष्टी त्या अजून सांगतात. काठी कपाटामागे ठेवून त्या खुर्चीत बसल्या की हाच शेवग्या त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून डोळे मिटतो. त्या उकडलेलं अंडं सोलतात तेव्हा हलतसुद्धा नाही. म्हणजे माणसाबद्दल काही नाही, काठीचंच आहे. कुणीतरी त्याला काठीने मारलं असणार, असं आम्ही धरून चाललोय.

दुसरी गोष्ट, मागच्या आठवड्यात शंभर फुटी रस्त्याला तो पट्ट्यातून निसटला. मांजर दिसलं, मागे सरकला, मान आत घेतली आणि पट्टा माझ्या हातात रिकामा. हाक मारून घसा बसला, त्याने एकदाही वळून बघितलं नाही. वीस मिनिटांनी आपला आपण सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा होता. मी तिथेच खाली बसून रडले.

शेजारी म्हणतात, खायला घालत नाही का, बरगड्या दिसतात. सकाळी भाकरी-चिकन, संध्याकाळी भात-चिकन आणि सासूबाईंकडून अंडं, एवढं खातो. वजन २१ किलो आहे.

नवरा म्हणतो महिनाअखेरपर्यंत बघू, नाही जमलं तर त्या ताईंकडे परत देऊ. त्यांनी घ्यायची तयारी दाखवली आहे. नवऱ्याचं चूक नाही, आई पडल्या तर पुन्हा उभ्या राहणं अवघड आहे. पण याला पुन्हा एका घरातून काढायचं हे माझ्याने होईना.

तर जाणकारांनी कृपया सांगा, काठीची भीती जाते का? घरच्या घरी काय करता येईल? पाऊण-पाऊण तास फिरवूनही हा दमत का नाही? आणि माझ्या हातून काही चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

प्रतिसाद, लातूरहून:

ताई, आमच्याकडे आजोबांपासून कारवानी आहेत. आधी बरगड्यांचं. या जातीच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणारच. सगळ्या बरगड्या आणि कण्याचे मणके दिसायला लागले तर डॉक्टरांना दाखवा. लोक म्हणतात म्हणून खाणं वाढवू नका, जड झाला की सांधे धरतात.

पट्टा आजच बदला. याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा उलटा निघतोच. मार्टिंगेल म्हणून पट्टा मिळतो, ओढ बसली की तेवढ्यापुरता आवळतो पण गळा दाबत नाही. नाहीतर पोटाखालून दोन पट्टे जाणारा हार्नेस घ्या. याच्या गळ्याला तारेची जखम होती म्हणता, तर हार्नेसच बरा. साखळी नको. आणि उघड्यावर कधीच मोकळा सोडू नका. आज्ञाधारक असो नसो, पळणारी वस्तू दिसली की याच्या कानात काही जात नाही.

दमण्याचं म्हणाल तर हा लांब चालून दमणारा नाही, जीव खाऊन पळून दमणारा आहे. आठवड्यातून दोनदा पूर्ण कुंपण असलेली जागा शोधा. दोनचार वेळा भन्नाट पळेल आणि मग दिवसभर झोपेल. तासगावकडे ओळखीच्या कुणाचं कुंपणाचं रान असेल तर विचारा. फक्त द्राक्षबागेत सोडू नका. द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे आणि वर फवारणीही असते.

आणखी एक, झोपलेला असताना अंगावर हात टाकू नका. लांबून हाक मारून उठवा. दचकून तोंड टाकतात, मुद्दाम नसतं.

प्रतिसाद, पुण्याहून:

माझ्या वडिलांच्या काठीवरून आमच्या इंडीने, म्हणजे गावठी कुत्र्याने, हेच केलं होतं, म्हणून लिहिते. भीती जाते, पण फार हळू जाते. पहिलं काम, आईंना आजपासून सुरक्षित करा. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक लावा. दार बंद ठेवलं तर त्या एकट्या पडतात, फाटकातून दोघं एकमेकांना बघतील. त्यांच्या डॉक्टरांना विचारून काही आठवडे चार पायांचा वॉकर वापरता येतो का बघा. त्याचा आकार आणि आवाज वेगळा असतो. काठीच्या टोकाला मात्र कापड वगैरे गुंडाळू नका, फरशीवर घसरेल.

मग काठीची ओळख. पहिले काही दिवस काठी नुसती जमिनीवर पडलेली असू दे आणि तिच्या आजूबाजूला चिकनचे बारीक तुकडे टाका. तो बिनधास्त खायला लागला की काठी कुणीतरी हातात घेऊन लांब बसायचं. मग लांबून एकदा हलकेच टेकवायची आणि लगेच तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी टक, मग तुकडा. आधी खाऊ दाखवला तर खाऊ दिसला की आता काठी येणार असं तो धरून बसेल. हे दिवसातून दोनदा, तीनचार मिनिटंच. कान मागे गेले, तोंड बंद झालं, तुकडा घेईनासा झाला की अंतर वाढवायचं. जमिनीला चिकटेपर्यंत थांबलात तर त्या दिवसाचं गेलं. आणि तो गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं हा इशारा आहे, तो बंद केला तर पुढच्या वेळी इशारा न देता दात येतील.

प्रतिसाद, नाशिकहून:

मी थोडं वेगळं सांगते. सात ते नऊचं वादळ बऱ्याचदा अतिथकव्याचं असतं. लहान मूल झोप आली की रडतं, तसं. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. तुमच्या घरी एवढी ये-जा असताना त्याला सलग झोप मिळते का, ते दोन दिवस लिहून ठेवून बघा. चेंडू कमी करा, त्याने डोकं अजून चढतं. फिरताना थांबून हुंगू द्या, पंधरा मिनिटं हुंगल्याने जो शांत होईल तो तासभर ओढत नेल्याने होणार नाही. घरी जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळून गाठ मारून द्या, सोडवत बसेल.

नव्या घरी रुळायला पहिले तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असे टप्पे ढोबळमानाने सांगतात. तुम्ही दुसऱ्या टप्प्यावर आहात, आता कुठे तो खरा दिसायला लागला असेल. महिनाअखेरची मुदत त्याच्यासाठी फार जवळ आहे. पण आईंना फाटक लावूनही धोका राहिला, तर तो ज्या ताईंकडे बरा झाला तिथे परत देणं म्हणजे टाकून देणं नव्हे. नसबंदी व्हायची असेल तर भूल देण्याआधी डॉक्टरांना हा कारवानी आहे हे आवर्जून सांगा. या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात.

धागाकर्तीचा प्रतिसाद, १६ दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण काहीतरी करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

फाटक सुताराकडून करून घेतलं, अडीच फुटांचं केलं आणि पहिल्याच दिवशी त्याने उडी मारली. आता चार फुटांचं आहे. हार्नेस आला. वॉकरला डॉक्टर हो म्हणाले, पण सासूबाई तयार नव्हत्या. म्हणाल्या, "काठीचीच भीती आहे ना त्याला, मग काठीच दाखवू." त्यांनी पलंगावर बसून फाटकाच्या आतून सगळं स्वतः केलं. पहिले पाच दिवस काठी नुसती पायाशी ठेवली, अंड्याचा तुकडा फाटकातून टाकायचा. सहाव्या दिवशी पहिल्यांदा टेकवली. तो मागे सरकला, खाल्लं नाही. त्यांनी काठी खाली ठेवली आणि त्याच्याशी नुसत्या बोलत बसल्या, माहेरच्या बोलीत, वडील त्या कुत्र्याशी बोलायचे तसं.

आज सकाळी काठी अकरा वेळा टेकवली. एकदाच कान मागे गेले. बाकी दहा वेळा टक झालं की तो काठीकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होता. चालताना मात्र अजून भुंकतो, त्यामुळे त्या चालत असताना तो फाटकाच्या पलीकडेच असतो. तिथली घाई करणार नाही.

झोप लिहून काढली तर दिवसाची जेमतेम आठ तास निघाली. आता दुपारी एक ते चार मुलाच्या खोलीत पडदे ओढून ठेवतो. संध्याकाळचं वादळ दोन तासांवरून वीसेक मिनिटांवर आलंय, खालच्या काकूंनी आपणहून सांगितलं. कवलापूरकडे नवऱ्याच्या मित्राचं कुंपणाचं रान आहे, तिथे दोन रविवार नेला. पळताना चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात. नवरा पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि परत येताना मुदतीचं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

आता एक विचारायचंय. दिवाळी येतेय. आमच्या गल्लीत फटाके भरपूर वाजतात, आणि काठीच्या टकने जो इतका घाबरतो त्याचं सुतळी बॉम्बने काय होईल या विचाराने आत्तापासून पोटात गोळा येतोय. काठीसारखंच आवाजाचंही आधीपासून करता येतं का? फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून, वर तुकडा देत? कुणी केलं असेल तर किती दिवस आधी सुरू केलं आणि आवाज कसा वाढवत नेला, ते कृपया सांगा.