‘गुप्तांग’ला लहान मुलांसाठी दुसरा शब्द?

तलावपाळी: ठाण्यात आमच्या शाळेसाठी पहिली-दुसरीच्या पालकांचं पत्रक मराठीत करतेय. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ जमलं, अवयवांपाशी अडलं. ‘गुप्तांग’ लिहिलं तर बाई म्हणाल्या, पंचनामा वाटतो. ‘खाजगी भाग’ मला जमिनीच्या तुकड्यासारखा वाटतो. तुम्ही घरी काय म्हणता?

ऐरोलीकर: आम्ही ‘शूची जागा’ म्हणतो. सहा वर्षांच्या पोराला पुरतं.

रोहिणी_वाशी: नाही पुरत. मी नर्स आहे. ‘शूच्या जागी दुखतंय’ म्हटल्यावर नक्की कुठे, जळजळतंय की लागलंय, हे काढून घेण्यातच वेळ जातो आणि पोर रडकुंडीला येतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 7 मध्ये योनी, शिश्न, गुदद्वार, स्तन अशी थेट नावं आहेत. नाक-कान शिकवतो तशीच हीही शिकवा.

शब्दवेडा: ‘गुप्त’ला नावं ठेवू नका. धातू ‘गुप्’, म्हणजे राखणं. गुप्त म्हणजे जपलेलं, लपवलेलं हा अर्थ त्यातूनच आला. मुलांना ‘जपायचा अवयव’ सांगा, शब्द तोच ठेवा.

रोहिणी_वाशी: धातू मोठ्यांसाठी झाला. मुलाला गुप्त म्हणजे कुणाला सांगायचं नाही असंच वाटतं. त्रास देणाराही तेच बजावतो, ‘हे आपलं गुपित.’ पत्रकात तो शब्द नकोच.

कोपरीचे_आजोबा: पटतंय, पण सात वर्षांची नात चारचौघांत ‘योनी’ म्हणाली तर? आमच्या पिढीला सवय नाही हो. र. धों. कर्व्यांवर या विषयावर लिहिल्याबद्दल खटले झाले, 1934 मध्ये बाबासाहेब त्यांचे वकील होते. तेव्हाचा संकोच अजून घरात आहे.

तलावपाळी: आजोबा, कीर्तनात चौऱ्यांशी लक्ष योनी ऐकताना कुणी कान झाकत नाही.

शब्दवेडा: ती योनी वेगळी, तिथे जन्माचा प्रकार असा अर्थ आहे. शिवाय शरीरशास्त्रात योनी म्हणजे आतला मार्ग. बाहेर दिसतं त्याला संस्कृतात ‘भग’.

रोहिणी_वाशी: ‘भग’ कुणाच्या तोंडी आहे? मी बाह्यभागालाही योनीच म्हणते, पालकांना कळतं.

शब्दवेडा: कळतं म्हणून चुकीचं शिकवायचं? ‘भगवान’मधला भग चालतो, मग हा का नको?

ऐरोलीकर: मग ‘भगिनी’ही तिथूनच का?

शब्दवेडा: हो. भग म्हणजे भाग्य, भगिनी म्हणजे भाग्यवती, असं परंपरेनं सांगतात.

रोहिणी_वाशी: पहिलीतल्या मुलीला यातलं काय उपयोगी पडणार, तेवढं सांगा.