हवालदाराला तपास दिलाय, नवे कायदे आणि सायबर ऑनलाईन कुठनं शिकायचं?

बारनिशीवाला
नमस्कार मंडळी. मी हवालदार, २२ वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी बंदोबस्तात आणि बाकीची बारनिशीत टपाल चढवण्यात गेली. ठाणं ग्रामीण आहे, अधिकारी कमी, म्हणून दोन महिन्यांपासनं माझ्याकडं पण तपास द्यायला लागलेत. चोरी, मारामारी, अकस्मात मृत्यू असलं साधंच, पण मधेच मोबाईलवरनं पैसे गेल्याचे कागद पण माझ्याच टेबलावर येतात.

परवा एका विहिरीत पडून मेलेल्या माणसाच्या कागदावर मी सवयीनं "कलम १७४ प्रमाणे" लिहून दिलं. साहेबांनी लाल पेनानं गोल केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, हवालदार, मयत माणसाची एनसी घेतली का तुम्ही? अख्खं ठाणं हसलं. तेव्हा कळलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुनी सीआरपीसी) १७४ म्हणजे अदखलपात्र, म्हणजेच एनसी, आणि अकस्मात मृत्यूला १९४ झालंय.

२०२४ ला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस ट्रेनिंग झालं होतं पण हॉलमध्ये दोनेकशे माणसं, पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि आदल्या रात्री नाईट करून आलेलो, त्यामुळं खरं सांगायचं तर झोपलो. आता घरी बसून रोज अर्धा-पाऊण तास देऊ शकतो. फुकट आणि शक्यतो मराठी-हिंदीत काय आहे ते सांगा. यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत, कुणाचं खरं मानायचं तेच कळत नाही. आणि हो, माझं इंग्रजी दहावीचंच आहे.

डीबीतला_पाटील
दादा वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडं १७३ चा पण तोच घोळ. आयुष्यभर १७३ म्हणजे दोषारोपपत्र, आता १७३ म्हणजे फिर्याद आणि दोषारोप गेलं १९३ ला. आणि ३०२ तर विचारूच नका, खून १०३ ला गेला आणि नव्या न्याय संहितेत (जुनी भादंवि) ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. बाहेर पब्लिक अजून "३०२ लागली" म्हणतं, म्हणू दे.

आधी फोनमध्ये एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) संकलन अ‍ॅप घ्या. जुनं कलम टाकलं की नवं दिसतं, शेजारी शेजारी, नेट नसलं तरी चालतं. मी रोजचीच चार-पाच आधी पाठ केली, मारहाण, शिवीगाळ, धमकी आणि सामायिक इरादा या ३२३-५०४-५०६-३४ च्या जागी ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). चोरी ३७९ ची ३०३(२), घरफोडी रात्रीची ४५७ ची ३३१(४), ४२० ची ३१८(४). एवढ्यात ठाण्यातलं निम्मं काम भागतं. जुनं विसरू मात्र नका, १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच लागते, फिर्याद आज आली तरी.

सायबरवाली_ताई
हवालदार साहेब, मी सायबरला एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आहे. आधी एक महत्त्वाचं सांगते, ते पैसे गेल्याचे कागद तुमच्याकडं येतात म्हणालात, त्यात आयटी अ‍ॅक्टचं कलम लावलंय का बघा. ६६ क (दुसऱ्याची ओळख वापरणं), ६६ ड (तोतयेगिरीनं ऑनलाईन फसवणूक) असलं काही असेल तर त्या कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक दर्जाच्या खालच्या माणसाला करताच येत नाही. म्हणजे तपासी अंमलदार म्हणून सही पीआय साहेबांची, तुम्ही मदतनीस म्हणून पत्रव्यवहार करा, काही हरकत नाही, पण जबाबाखाली आणि पंचनाम्याखाली कुणाची सही जाते ते बघा. हे कुणी सांगत नाही आणि दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी वकील पहिला प्रश्न हाच टाकतो. नुसतं ३१८(४) असेल तर मग तुमचं.

आता कोर्सचं. दोन ठिकाणं धरा, तिसरं नको.

एक, सायट्रेन. एनसीआरबीचं पोर्टल आहे, पोलीस, सरकारी वकील आणि कोर्टातल्या लोकांसाठी काढलेलं. फुकट आहे, व्हिडिओ बघायचे, मधे प्रश्न येतात, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. सुरुवात घटनास्थळी पहिला पोचणारा माणूस काय करतो त्या भागापासनं करा, फॉरेन्सिकच्या भागाकडं आत्ताच जाऊ नका, डोकं गरगरतं. भाषा जड वाटली तर व्हिडिओ थांबवून शब्द वहीत लिहा. माझ्याकडं एक ५३ वर्षांचे सहायक फौजदार आहेत, त्यांनी लेकीच्या जुन्या शाळेच्या वहीत सगळं मराठीत उतरवून काढलं, आज आमच्याकडं नवीन पोरं ती वही मागून नेतात.

दोन, आयगॉट कर्मयोगी. केंद्र सरकारचं आहे, नव्या तिन्ही कायद्यांवर छोटे छोटे कोर्स आहेत. लॉगिन होत नसेल तर आस्थापना शाखेत विचारा, खात्याकडनं नाव चढवावं लागतं.

पण मी म्हणते कोर्स करताना एकच विषय असा पक्का करा की त्यात तुम्हाला कुणी हरवू शकणार नाही, आणि तो म्हणजे डिजिटल पुरावा घेणं. कारण मोबाईल आणि सीसीटीव्ही आता चोरीत पण आहे आणि मारामारीत पण आहे.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. ढाब्याबाहेर मारामारी झाली, फिर्यादीत वेळ रात्री साडेनऊ. ढाब्याच्या डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) फुटेज पेनड्राईव्हवर आणलं, त्यात आरोपी दिसतो ९ वाजून ४ मिनिटांनी. कोर्टात वकील उभा राहिला, म्हणाला माझा अशील तर मारामारीच्या २६ मिनिटं आधी जेवून निघून गेला. खरी गोष्ट अशी की डीव्हीआरचं घड्याळच २६ मिनिटं मागे होतं, लाईट गेल्यावर कुणी सेट केलं नव्हतं. पण पंचनाम्यात त्याबद्दल एक ओळ नाही! तेव्हापासनं आमचा नियम, डीव्हीआरच्या स्क्रीनसमोर स्वतःचा मोबाईल धरायचा, दोन्ही घड्याळं एका फोटोत घ्यायची आणि फरक पंचांसमक्ष लिहायचा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि फुटेज लगेच आणा, छोट्या दुकानातलं डीव्हीआर आठ-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं चढवतं.

मग ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यायचं ते. जुनं ६५ ब ते आता साक्ष अधिनियमात ६३ झालंय आणि नमुना कायद्याच्या शेवटीच छापलाय, भाग अ आणि भाग ब. भाग अ ज्याच्या ताब्यातलं यंत्र आहे तो भरतो, म्हणजे ढाबेवाला. भाग ब तज्ज्ञ भरतो. ९० टक्के वेळा भाग ब कोराच असतो (टक्के माझ्या टेबलावरचे हं, सरकारी नाहीत). त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची असते, एसएचए २५६ वगैरे. सोपं करून सांगते, फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा, फाईलमधली एक फ्रेम जरी बदलली तरी ठसा पूर्ण बदलतो. सायट्रेनवर हे सगळं करून दाखवलंय.

रिटायर्ड_फौजदार
ताईंनी चांगलं सांगितलं. माझी जरा उलटी बाजू. मी २०१८ ला निवृत्त झालो, आमच्या वेळी हे पोर्टल फिर्टल काही नव्हतं, नाशिकला अकादमीत आणि नंतर डिटेक्टिव्ह ट्रेनिंग स्कूलला जे शिकलो ते शिकलो. सर्टिफिकेटं जमवून तपास येत नाही. भिंतीला ११ सर्टिफिकेटं लावलेला अधिकारी बघितलाय मी, पंचनाम्यात दिशा उलट्या लिहायचा, पूर्वेला पश्चिम.

माझं ऐकाल तर फुकटातली सगळ्यात चांगली शाळा म्हणजे दुसऱ्याचे कागद. महाराष्ट्र पोलीसच्या साईटवर एफआयआर टाकतात, संवेदनशील सोडून. दुसऱ्या जिल्ह्यातल्या चोरीच्या दहा फिर्यादी काढा आणि वाचा, पाचव्या फिर्यादीपासनं तुम्हालाच कळायला लागतं की काय राहिलंय, मोबाईलचा आयएमईआय नाही, दागिन्याचं वर्णन नाही, उशीर का झाला ते नाही.

आणि दुसरं, निर्दोष सुटलेले निकाल वाचा. ई-कोर्ट्सवर तुमच्याच तालुक्याच्या कोर्टाचे निकाल मिळतात. शिक्षा झालेला निकाल वाचून माणूस खूश होतो, सुटलेला वाचून शिकतो. न्यायाधीश स्पष्ट लिहितात की पंच फितूर, मुद्देमालाला सील नव्हतं, जबाब ४० दिवसांनी घेतला.

ताईंनी ६५ ब चं काढलं म्हणून सांगतो, त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आपल्या जालन्याचाच आहे. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की वेळ टळल्यावर, एवढाच वाद, आणि पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्याच्या सीडी. सर्टिफिकेट मागून मागून मिळालं नाही. कोर्टानं शेवटी ठरवलं की मूळ यंत्रच हजर केलं तर ठीक, नाहीतर सर्टिफिकेट पाहिजेच. गोष्टीसारखा निकाल आहे, गाव ओळखीचं असलं की लक्षात पण राहतो. सुप्रीम कोर्टाच्या साईटवर निवडक निकालांचं मराठी भाषांतर असतं, इंग्रजीची अडचण असेल तर तिथं शोधून बघा.

सायबरवाली_ताई
फौजदार साहेब, सर्टिफिकेट भिंतीला लावायला नाही हो, पण हॅश व्हॅल्यू दुसऱ्याच्या फिर्यादी वाचून नाही कळणार :) दोन्ही पाहिजे.

रिटायर्ड_फौजदार
मान्य. आमच्या वेळी हॅश नव्हतं, कॅश होती.

कोर्ट_पैरवी
मी पैरवीला, म्हणजे ठाण्यातर्फे कोर्टाचं काम बघायला आहे म्हणून कोर्टाकडनं काय परत येतं ते सांगतो. सध्या सगळ्यात जास्त बोलणी बसतात ती झडती-जप्तीच्या व्हिडिओवरनं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५, झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, यादी करून पंचांच्या सह्या होईपर्यंत, आणि विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. ई-साक्ष्य अ‍ॅप त्यासाठीच आहे. त्यात एक क्लिप जास्तीत जास्त ४ मिनिटांची होते त्यामुळं आधी ठरवून घ्या कुठं थांबायचं, नाहीतर कपाट उघडायच्या क्षणाला क्लिप संपते आणि पुढची चालू होईपर्यंत वस्तू टेबलावर आलेली दिसते. वकिलाला आणखी काय पाहिजे. एका तपासी अंमलदाराच्या फोनमध्ये तर जागाच नव्हती, पंच उभे, आरोपी उभा आणि हा बसून लग्नाचे फोटो डिलीट करतोय.

प्रॅक्टिस घरी करा. स्वतःच्याच कपाटाची झडती घ्या, पोराला पंच करा, साध्या कॅमेऱ्यावर ४-४ मिनिटांच्या क्लिप काढा. अ‍ॅपमध्ये खोटा प्रयोग करू नका पण.

आणि ३५(३) ची नोटीस, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, जुनं ४१ अ, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका. जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट नाही म्हणलंय. हातात द्या, सही घ्या.

नाईट_ड्युटी
एक सावधानता. "सर्टिफाईड सायबर एक्सपर्ट" वगैरे कोर्स विकणारे फार झालेत, पोलिसांना खास सवलत म्हणून फोन येतो, आमच्यातल्या दोघांनी पाच-पाच हजार भरले, मिळालं काय तर रंगीत पीडीएफ. सरकारी साईटच्या शेवटी गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असतं ते बघून घ्या. आणि खऱ्या गुन्ह्याचे कागद, फिर्यादीचा नंबर, पीडितेचं नाव असलं काही एआयच्या चॅटमध्ये टाकून "पंचनामा लिहून दे" करू नका. कलमाचा अर्थ विचारा फार तर, आणि तो पण इंडिया कोडवर (सरकारची कायद्यांची साईट) मूळ कायदा उघडून ताडून बघा, कलमं चुकीची सांगतं ते बिनधास्त.

प्रत्यक्ष ट्रेनिंग पाहिजे असेल तर बीपीआर अँड डीच्या (केंद्राचा पोलीस संशोधन विभाग) सीडीटीआय, म्हणजे तपासाच्या प्रशिक्षण संस्था आहेत, हैदराबाद, जयपूर, चंदीगड, गाझियाबाद, कोलकाता, बेंगळुरू. नामांकन एसपी ऑफिसमधनं जातं. पत्र येतं आणि फाईलमध्ये झोपतं, त्यामुळं अधूनमधून जाऊन विचारत राहा.

बारनिशीवाला
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. ताई, तुमचं ऐकून कागद काढून बघितले, तीनपैकी दोन मध्ये ६६ ड लावलेलं आहे. साहेबांना दाखवलं, आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग म्हणाले बरं झालं आत्ता बघितलं, ते दोन त्यांनी स्वतःकडं घेतले. लाल पेन काही काढला नाही.

संकलन घेतलं. सायट्रेनवर नोंदणी केली, पासवर्डला पोराला तीनदा हाक मारावी लागली. सीडीटीआयचं पत्र बारनिशीतच यायचं हो, मीच चढवायचो आणि पुढं पाठवून द्यायचो, कधी उघडून वाचलं नाही, आता हसू येतंय.

काल एका किराणा दुकानात चोरीच्या पंचनाम्याला गेलो होतो. डीव्हीआरसमोर मोबाईल धरला तर दुकानदार म्हणतो साहेब सेल्फी काढताय का. डीव्हीआर ११ मिनिटं पुढं निघाला, लिहिलं पंचनाम्यात. एकच अडचण, त्यात तारीख पण चुकीची आहे, वर्ष २०१७ दाखवतंय. ते पण लिहायचं का, की दुकानदाराला आधी दुरुस्त करायला सांगायचं?

सायबरवाली_ताई
अजिबात हात लावू देऊ नका! जसं आहे तसं लिहा, तारीख, वर्ष, मिनिटं सगळं, फोटो काढा, फुटेज घ्या, हॅश काढा. घड्याळ नंतर दुरुस्त करू दे त्याला.