लॅब नसताना नुसत्या कॉम्प्युटरवर इव्हो-डेव्हो जमतं का?

रानपाखरू: नमस्कार मंडळी, एमएस्सी झूऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, इव्हो-डेव्होत, म्हणजे भ्रूणाची वाढ आणि उत्क्रांती यात, प्रचंड रस आहे पण आमच्याकडे उंदीर सोडाच साधी झेब्राफिशची टाकीपण नाहीये, सगळे म्हणतात बायोइन्फॉर्मॅटिक्स (कॉम्प्युटरवर डीएनएचा अभ्यास) कर, पण डीएनएची नुसती ए टी जी सी ही अक्षरं बघून प्राण्याचं शरीर का बदललं हे खरंच कळतं का?

अंकुर_२१: कळतं की! सापाचंच घे. पाय घडवायला लागणारा सॉनिक हेजहॉग जीन सापात अगदी शाबूत आहे, कारण मेंदू आणि चेहरा घडतानाही तोच लागतो, तो मोडला तर पिल्लू जगणारच नाही. मग पाय गेले कसे? तर त्या जीनपासून जवळपास १० लाख बेस (डीएनएची अक्षरं) लांब, दुसऱ्याच एका जीनच्या इंट्रॉनमध्ये (जीनमधला प्रथिन न बनवणारा तुकडा) झेडआरएस नावाचा स्विच आहे, तो हा जीन पायाच्या अंकुरात चालू करतो. माणूस, उंदीर, कोंबडी यांच्यात तो बराचसा सारखा, सापांत बिघडलेला, आणि हे सगळ्यांचे जीनोम (पूर्ण डीएनए) शेजारी शेजारी लावूनच दिसलं. २०१६ मध्ये बर्कलीच्या टीमने उंदरात सापाचा झेडआरएस बसवला तर पिल्लांना पाय नावापुरतेच आले, आणि सापांत गळालेली १७ अक्षरं त्यात परत घातली तर पाय नीट आले, मला तर हे वाचून झोप लागली नव्हती!

कोडवाली: हेच तू स्वतः करून बघ ना, फुकट आहे सगळं. यूसीएससी ब्राउझरवरून (जीनोम बघायची वेबसाइट) उंदराचा झेडआरएस घे, एनसीबीआय या डीएनए डेटाबेसवर ब्लास्ट करून (सारखे तुकडे शोधणारं टूल) अजगर, किंग कोब्रा, सरडा, कोंबडी यांचे तुकडे शोध, मॅफ्ट या प्रोग्रॅममध्ये अलाइन कर, म्हणजे अक्षराखाली अक्षर लाव. अजगरात बराच टिकलाय (त्याच्या शेपटीच्या बुडाशी मागच्या पायांच्या नख्या असतात बघ), कोब्रात पार विस्कटलाय. फक्त एक, ब्लास्टला काही सापडलं नाही म्हणजे ते उत्क्रांतीत हरवलं असं लगेच लिहू नकोस, बऱ्याच असेम्ब्लीत (तुकडे जोडून तयार केलेला जीनोम) त्या जागी नुसते एन एन एन असतात, म्हणजे तिथली अक्षरं वाचताच आलेली नसतात. रॉ रीड्स (मशीनने वाचलेले मूळ छोटे तुकडे) जीनोमवर मॅप करून बघ आणि जवळच्या दुसऱ्या सापातही तेच दिसतंय का ते तपास.

रानपाखरू: भारीच! म्हणजे प्रयोग लागतोच शेवटी?

अंकुर_२१: सिद्ध करायला लागतोच रे. पण कोट्यवधी अक्षरांतली नेमकी कुठली १७ बघायची हे अलाइनमेंटशिवाय कोणाला कळणार होतं?