क्वीन्स पार्कने हौशी बाणा सोडला, ही घोडचूक होती

पूर्वरंग :
ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबच्या सभासदांनी नोव्हेंबर २०१९मध्ये मोठ्या बहुमताने ठरवलं, की यापुढे खेळाडूंना पगार द्यायचा. १८६७ साली स्थापन झालेला हा स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब. दीडशे वर्षं पगार न देता चालला, १९०० साली स्कॉटिश लीगमध्ये आला आणि तिथेही पगारी संघांविरुद्ध हौशी पोरं उतरवत राहिला. 'खेळासाठीच खेळणे' असं त्यांचं लॅटिन ब्रीद. ते पाळणारा लीगमधला शेवटचा क्लब आपल्या डोळ्यांदेखत संपला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३० नोव्हेंबर १८७२ला स्कॉटलंड-इंग्लंड हा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे! समोरचे इंग्रज अंगाने दांडगे आणि त्यांची रीत म्हणजे चेंडू पायाशी घेऊन एकट्याने मुसंडी मारायची. क्वीन्स पार्कची मुलं चेंडू एकमेकांना देत खेळली. सामना ०-० सुटला, पण आज जगभर जो फुटबॉल दिसतो त्याचं मूळ या खेळात आहे. ही माणसं पगारासाठी खेळत नव्हती. कसं खेळायचं याचा विचार करायला त्यांना मोकळीक होती ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

कोपऱ्यावरचा :
असहमत. पासिंगचा खेळ क्वीन्स पार्कने घडवला हे खरं, पण तो इंग्लंडभर नेला कोणी? पैसे घेऊन तिकडच्या क्लबांकडे गेलेल्या स्कॉटिश खेळाडूंनी. 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत त्यांना. लँकाशायरच्या गिरणी-गावांतले क्लब त्यांना नोकरी द्यायचे, हातात पैसे ठेवायचे. ते ग्लासगोतच राहिले असते तर ही विद्या तिथेच राहिली असती.

आणि कप बघा. क्वीन्स पार्कने स्कॉटिश कप दहा वेळा जिंकला, शेवटचा १८९३ साली. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाला अधिकृत परवानगी मिळाली. त्यानंतर एकदाही नाही. हा योगायोग म्हणायचा का?

साधीमाणसं :
पूर्वरंग, हौशीपणाचं एवढं कौतुक करताना तो कोणाला परवडायचा हेही बघा. अँड्र्यू वॉटसन घ्या. जन्म ब्रिटिश गयानातला, जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, क्वीन्स पार्कचा मोठा खेळाडू. १८८१मध्ये तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि त्यांनी लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ हरवलं. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याला वडिलांकडून वारसा मिळाला होता. ग्लासगोत क्लाइड नदीवरच्या गोदीत बोटी बांधणाऱ्या कामगाराने शनिवारची मजुरी बुडवून खेळायचं कशाच्या जोरावर? पगार आला तेव्हा त्याच्यासाठी दार उघडलं.

पूर्वरंग :
साधीमाणसं, कामगाराला पगार मिळायलाच हवा होता. सेल्टिक, रेंजर्स आणि इतर सगळे देतच होते की. माझा मुद्दा एवढाच, की संपूर्ण लीगमध्ये एक क्लब वेगळा राहिला तर कोणाचं काय बिघडत होतं?

कोपऱ्यावरचा, पैशाची चणचण त्यांना पहिल्यापासून होती. इंग्लंडच्या पहिल्या एफए कपच्या चषकासाठी या क्लबने एक गिनी वर्गणी दिली. १८७२च्या उपांत्य सामन्यात वाँडरर्सशी बरोबरी झाली. फेरसामन्यासाठी लंडनला मुक्काम ठोकणं परवडेना, म्हणून स्पर्धा सोडून परत आले. पुढे १८८४ आणि १८८५ अशी दोन वर्षं अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरले. अशा क्लबला फक्त चषक मोजून मापायचं?

गोलजाळी :
बिघडत होतं ते क्लबचंच. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने पंधराव्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं. क्वीन्स पार्कने त्याला घेतलं, वाढवलं, २०१२-१३मध्ये चौथ्या स्तरावर नियमित खेळवलं. २०१३मध्ये तो डंडी युनायटेडला गेला, पुढच्या वर्षी इंग्लंडच्या हल क्लबने त्याच्यासाठी जवळजवळ तीस लाख पौंड मोजले आणि २०१९ला तो लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. पगारी करारच नसेल तर असा मुलगा थांबवून ठेवायचा तरी कसा? अकादमीवर वर्षानुवर्षं मेहनत करायची आणि तयार पोरगं दुसऱ्याने उचलायचं. हे थांबवण्यासाठीच सभासदांनी मत दिलं आणि माझ्या मते योग्य दिलं.

निकालही समोर आहेत. २०२१मध्ये चौथ्या स्तराचं विजेतेपद, २०२२मध्ये आणखी एक बढती. फेब्रुवारी २०२५मध्ये स्कॉटिश कपात रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्सवर १-० हरवलं. अगदी शेवटी रेंजर्सच्या टॅव्हर्नियरची पेनल्टी क्वीन्स पार्कचा गोलरक्षक कॅलम फेरीने अडवली. बघताना अंगावर काटा आला.

धुकंधुकं :
मला पगारापेक्षा हॅम्पडेन जास्त टोचतं. १९०३पासूनचं त्यांचं स्वतःचं मैदान. १९३७मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला तिथे १,४९,४१५ प्रेक्षक होते. एका हौशी क्लबाने एवढं मैदान उभारलं आणि सांभाळलं, आणि ते पन्नास लाख पौंडांत स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला विकलं!

गोलजाळी :
धुकंधुकं, पन्नासेक हजार खुर्च्या आणि लीग सामन्याला आलेली थोडीशी माणसं. गोल झाला तरी आवाज रिकाम्या स्टँडवर आपटून परत यायचा. शेजारच्या लेसर हॅम्पडेन या छोट्या मैदानावर त्यांचा संसार नीट मांडता येईल.

पूर्वरंग :
मैदानाबाबत गोलजाळींशी सहमत, पगाराबाबत नाही. फेरीची पेनल्टी मीही जागेवरून उठून पाहिली, पण एका विजयाने माझी धास्ती जात नाही. त्यांच्या शेजाऱ्याचंच उदाहरण देतो. क्वीन्स पार्कने सोडलेल्या जुन्या हॅम्पडेनवर थर्ड लॅनार्क हा पगारी क्लब खेळायचा. १९०४चा लीगविजेता. १९६०-६१च्या हंगामात त्यांनी लीगमध्ये १०० गोल केले आणि तिसरे आले. १९६७मध्ये क्लबचं दिवाळं निघालं आणि तो कायमचा बंद झाला. त्याच वर्षी क्वीन्स पार्कला शंभर वर्षं पूर्ण झाली. ज्याच्यावर पगाराचा बोजा नव्हता तो टिकला. आता तो बोजा यांच्याही डोक्यावर आहे. तो पुढची पन्नास वर्षं कोण आणि कसा उचलणार, हे पगाराच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी कोणीतरी मला समजावून सांगावं.