नाशिकमध्ये द्वारकाच्या सिग्नलला छाती धडधडते, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग हे काय आहे?

सिडकोवाली:
दोन महिने झाले, द्वारकाला गाडी थांबली की जीव घाबराघुबरा होतो, तळहाताला घाम, बोटांना मुंग्या, वाटतं आता इथेच पडणार. परवा तर हेल्मेटचा पट्टा सोडायचा होता पण बोटंच चालेनात, मागून हॉर्नवर हॉर्न. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. आता मी गल्लीबोळातून लांबून जाते. रात्री तीनला जाग येते, गॅस बंद केलाय का ते उठून दोनदा बघते, पोरावर उगाच खेकसते. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. खरंच का?

गोदाकाठ:
ताई, मनाचे खेळ म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, मी यातून गेलोय. मेंदूला धोका वाटला की अॅड्रेनलिन सुटतं, समोर वाघ असो नाहीतर सिग्नल, शरीर पळायच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, पोटात गोळा येतो, आणि आपण भराभर श्वास घेतो त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या नि चक्कर त्याचीच. असा घाबरण्याचा झटका, पॅनिक अटॅक म्हणतात त्याला, बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. तेवढ्यात श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ. मी नाडी मोजत बसायचो, त्याने अजून वाढायचं, ते नका करू.

सातपूर_नाईटशिफ्ट:
रस्ता बदललात ना, तिथेच गोची आहे. टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं पण भीती पक्की होते, मग आज द्वारका, उद्या मुंबई नाका, असं करत मी घराबाहेर पडणंच बंद केलं होतं. काउन्सेलरने थोडं थोडं करून परत जायला लावलं, सीबीटी म्हणून विचार-वागणं बदलायची थेरपी असते, त्यातलंच हे. चहा-कॉफी पण कमी करा, धडधड वाढते त्याने. आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला सुद्धा लावा.

सिडकोवाली:
वाचून रडू आलं, खरंच. मुंग्यांचं कारण कोणीच सांगितलं नव्हतं हो. रात्री फोन लावते. रविवारी सकाळी ट्रॅफिक नसतं, भावाला मागे बसवून द्वारकाला जाऊन येणार, गाडी मीच चालवणार.