बी विंग: गरमच्या नळाला कोमट पाणी

बी-203: आज चौथा दिवस. गरमचा नळ पूर्ण उघडा, गारचा घट्ट बंद, तरी शॉवरला कोमटच. त्यात मध्येच एकदम गार. डोक्याला शाम्पू लावून भिंतीला चिकटून उभी होते. सेक्रेटरीसाहेब, सोलरचं काही बघणार आहात का?

बी-105: +1. आम्ही तर कंटाळून इन्स्टंट गीझर लावला.

सेक्रेटरी: सोलरवाला काल दुपारी येऊन गेला. टाकीतलं पाणी माझ्यासमोर मोजलं, 58 अंश. पॅनेल ठीक, टाकी ठीक.

बी-404: ढगाळ हवा आहे हो, सोलर काय करणार.

बी-203: दादा, 58 अंश लिहिलंय वर. वाचा तरी.

बी-105: तसा इन्स्टंटही काही खास नाही. शॉवर पूर्ण सोडला की तोही कोमट. फॉल्टी पीस दिला वाटतं.

बी-301: पीस बरोबर आहे. 3 किलोवॅटचा गीझर मिनिटाला 3 लिटर धार असेल तर पाणी जेमतेम 14 अंशांनी तापवतो. 2 लिटरवर आणलीत तर 21 अंश. नळ अर्धा ठेवा. त्याच्याकडून शॉवरची अपेक्षाच चुकीची.

बी-105: बरं काका. दुकानात हे कोणी सांगितलं नाही.

बी-601: आमची तऱ्हा वेगळीच. गरमचा नळ एकटा सोडला की बारीक धार येते. त्यात गार मिसळायला गेलं की गरम यायचंच बंद. मिक्सरमधलं कार्ट्रिज बदललं, फरक शून्य. पंप बसवल्यापासून हे सुरू झालंय.

बी-301: पंप कुठल्या लाइनवर बसवला?

सेक्रेटरी: गारच्या, फक्त सहाव्या-सातव्या मजल्याला. वरच्यांनाच प्रेशर हवं होतं. मीटिंगमध्ये ठराव झालाय, मिनिट्स बघा.

बी-301: मग गोंधळ तिथेच आहे. उंचीचं गणित सोपं आहे, 10 मीटरला साधारण 1 किलो प्रेशर. सातव्या मजल्याच्या शॉवरपासून टाकी फार तर 3 मीटर वर, म्हणजे गरमला 0.3 किलो. आणि पंप गारला देतो 2 किलो. मिक्सरमध्ये दोन्ही समोरासमोर आले की गरम मागे ढकललं जाणारच. 601 चं कोडं सुटलं.

बी-203: पण काका, मी दुसऱ्या मजल्यावर. मला कुठे पंप आहे?

बी-301: तेच शोधायचंय. तुमच्या गरमच्या लाइनीत कुणाच्या तरी घरातून गार पाणी शिरतंय.

बी-404: म्हणजे आता शेजाऱ्यांवर संशय घ्यायचा?

बी-701: सांगू की नको करत होते. रात्री दोनला सगळं सामसूम असतं, तरी तो पंप दर पाच-दहा मिनिटांनी घुर्र करतो. झोपमोड होते. इतक्या रात्री पाणी कोण वापरतं?

बी-502: आणि मी पहाटे टेरेसवर चालायला जाते तेव्हा सोलरच्या टाकीजवळ स्लॅब ओला असतो. तो उभा पाइप आहे ना, वर वाकवलेला, त्यातून टपटप चालू असतं.

सेक्रेटरी: फ्लोट गेला असेल म्हणून मीच परवा बदलून घेतला. तरी ओलं आहे?

बी-502: हो भाऊ, आजसुद्धा.

बी-301: वा ताई, हे आधी का नाही बोललात! रात्री खाली गरम पाणी कोणी घेत नाही. मग पंपाचं गार पाणी गरमच्या लाइनीतून उलटं टाकीत चढतं आणि व्हेंटमधून, म्हणजे त्या वाकवलेल्या पाइपातून, बाहेर पडतं. लाइनीतलं प्रेशर उतरलं की पंप पुन्हा सुरू. उद्या सकाळी दहाला सोलरचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करू. मग 203 मध्ये गरमचा नळ सोडून ठेवायचा. उभ्या लाइनीत, एक इंची पाइप 20 मीटर धरला तर, 10 लिटर पाणी. तेवढं संपलं की धार थांबली पाहिजे. नाही थांबली तर ते पाणी टाकीतलं नाहीच.

(रविवार)

बी-203: अपडेट. व्हॉल्व्ह 10:05 ला बंद. मोठी बादली काठोकाठ भरली, दुसरी अर्धी झाली, धार तश्शीच. हात लावला तर चक्क गार.

सेक्रेटरी: प्लंबरला घेऊन डक्टमध्ये आहे. सहाव्या-सातव्याचे गरमचे कॉक एकेक करून बंद करतोय. 601 बंद.

बी-203: चालू.

सेक्रेटरी: 602? 701?

बी-203: चालू. चालू.

सेक्रेटरी: 702.

बी-203: थांबली!!! लगेच थांबली!

बी-404: 702 ला तर पंधरा दिवस कुलूप आहे. भूत आंघोळ करतंय का?

बी-702: नमस्कार मंडळी, आम्ही गावाला आहोत. घरात एक थेंब वापरला जात नाही. प्लंबरने सरळ आमचं नाव घेणं पटलं नाही.

बी-301: तुमच्यावर आरोप नाही हो. एकच सांगा, बाथरूममध्ये बटणाचा हँड शॉवर आहे का?

बी-702: आहे. आई खुर्चीवर बसून आंघोळ करतात, त्यांना सोपं पडतं.

बी-301: आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या?

बी-702: त्या उघड्याच असतात, एकदा सेट करून ठेवल्यात. आई फक्त बटण दाबतात. ... अच्छा.

बी-301: बटण बंद म्हणजे बाहेरची वाट बंद. पण आत गार आणि गरम एकमेकांना जोडलेले राहतात. बाथरूममध्ये टिपूस दिसत नाही आणि पाणी मात्र रात्रंदिवस पलीकडे जातं.

बी-702: माफ करा सगळ्यांनी. हे डोक्यातच आलं नाही.

बी-203: अहो माफी कसली, मीही तस्संच ठेवते. आत्ता जाऊन बंद करून आले.

सेक्रेटरी: प्लंबर म्हणतो पंपवाल्या चारही फ्लॅटना गरमच्या लाइनवर एनआरव्ही, एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, टाकू, म्हणजे चावी उघडी राहिली तरी पाणी उलटं जाणार नाही. बुधवारी 11 ते 1 गरम बंद.

बी-601: एनआरव्हीने आमचं गरम वाढेल?

बी-301: नाही. उलटं जाणं थांबेल, प्रेशर तेवढंच राहील. तुमच्यासाठी गारवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर गरमलाही पंप. थर्मोस्टॅटिक मिक्सर, आपोआप तापमान सांभाळणारा, घ्यायच्या फंदात पडू नका, इतक्या फरकात तोही हात टेकतो.

सेक्रेटरी: गरमला पंप हवा तर पुढच्या मीटिंगला विषय द्या. लेखी.

बी-105: काका, मग माझा इन्स्टंट काढू का?

बी-301: राहू द्या. ढगाळ हवेत लागेल. 404 चं तेवढं बरोबर होतं.

(सोमवार)

बी-203: आज पाणी कडकडीत. सवयीने गरमच पूर्ण सोडलं आणि हात भाजला. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी बादलीत आधी गार घ्या.

बी-701: आणि रात्रभर पंपाचा आवाज नाही. मी दोनदा उठून ऐकलं.